खजिना कुणाच्या हाती लागावा?

मे महिना आला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सुटीतल्या बायबल शाळेची तयारी सुरू होते. तिला सगळे व्हीबीएसच म्हणतात. गाणी बसवायची, सुवर्णवचनं ठरवायची, रंगवायला चित्रं काढून ठेवायची, खाऊचा हिशेब मांडायचा. हल्ली त्यात ट्रेझर हंट, म्हणजे खजिन्याचा शोध, हमखास असतो, आणि त्याचा विषय निघाला की शिक्षकांच्या बैठकीत दोन तट पडतात. काही म्हणतात, मुलं नुसती हुंदडतात आणि वचन बाजूला राहतं. काही म्हणतात, हुंदडू दिलं नाही तर मुलं दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. एवढ्यावर बैठक थांबते, याचं मला वाईट वाटतं. खेळ ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी त्याचे नियम काय असावेत यावर बोलायला हवं, कारण मुलं काय शिकणार ते नियमांवरच ठरतं.

म्हणून इथे मी दोघींना समोरासमोर बसवलं आहे. आत्या म्हणजे नगरकडच्या एका मंडळीत वर्षानुवर्षं संडे स्कूल चालवलेल्या निवृत्त शिक्षिका. भाचीने यंदा त्याच मंडळीच्या व्हीबीएसची जबाबदारी घेतली आहे. दोघीही माझ्या कल्पनेतल्या. त्यांचे मुद्दे मात्र कुठल्याही मंडळीत ऐकू येतील असेच आहेत.

भाची : आत्या, शेवटचा दिवस खजिन्याच्या शोधासाठी ठेवलाय. सकाळी सात ते नऊ, म्हणजे ऊन तापायच्या आत आटपेल. सहा ते चौदा वर्षांची मुलं, त्यांचे पाच गट. मिशन कंपाउंडात पाच ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी पाकिटात एक चिठ्ठी.

आत्या : आणि खजिना काय?

भाची : ते शेवटी सांगते. आधी मार्ग ऐक.

आत्या : नाही, आधी खजिनाच सांग. पेटीत चॉकलेटं असतील तर तुझी पोरं चॉकलेटं शोधणार. मग वाटेत तू नोहा ठेव नाहीतर मोशे ठेव, ते त्यांच्या लेखी रस्त्यातले मैलाचे दगड. मी हे पाहिलंय. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘जक्कय ज्यावर चढला तिथे जा.’ सगळी पोरं उंबराकडे धूम ठोकतात. जक्कय कोण होता, झाडावर का चढला, खाली उतरल्यावर त्याने लोकांचे पैसे परत करायचं का कबूल केलं, हे कुणाला ठाऊक? झाड सापडलं, काम झालं.

भाची : हे मान्य. ती चिठ्ठीच वाईट. बायबल न उघडता सुटणारी चिठ्ठी मी ठेवणारच नाही. आता माझी बघ. लूक, अध्याय 15, आठवं वचन. त्या बाईचं नाणं हरवलं तेव्हा ते शोधायला तिने काय काय केलं? तिला लागलेल्या दोन वस्तू आपल्या कंपाउंडात जिथे एकत्र ठेवलेल्या असतात तिथे जा. आता पुस्तक काढल्याशिवाय कुणाला सांगता येईल? उघडून वाचलं की कळतं, तिने दिवा लावला आणि घर झाडलं. दिवा आणि झाडू एकत्र कुठे असतात?

आत्या : मागच्या कोठीत. कंदीलही तिथेच टांगलेला असतो.

भाची : तर मग गट कोठीत येणार. खिडकी बंद, आत अंधार. बॅटरीवरचा एकच कंदील द्यायचा आणि दोन केरसुण्या. फरशीवर एक रुपयाची दहा नाणी टाकलेली, पण नऊ समोरच दिसतील अशी. दहावं अडगळीच्या मागे केरात. झाडल्याशिवाय ते हाती लागणार नाही. आणि नियम असा की दहावं सापडेपर्यंत नऊ नाण्यांना हात लावायचा नाही.

आत्या : कोठी झाडून निघेल, तेवढं तरी पुण्य.

भाची : हसू नकोस. मला खरंच वाटतं, ज्या पोराने अंधारात वाकून, नाकात धूळ जाईपर्यंत एका नाण्यासाठी घर झाडलंय, त्याला त्या बाईने शेजारणींना का बोलावलं ते समजावून सांगावं लागत नाही. त्यालाही ओरडून सांगावंसं वाटतंच.

आत्या : ओरडेल. आणि तीस वर्षांनी?

भाची : म्हणजे?

आत्या : तीस वर्षांनी तो दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलेला असेल, तेव्हा त्याला काय आठवेल? केरसुणी? मी तेविसावं स्तोत्र मुलांकडून घोकून घेतलं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 13, सगळा. डोंगरावरचं प्रवचन, मत्तयचे तीन अध्याय, थोडं थोडं करत वर्षभर. पोरं कंटाळायची, मला माहीत आहे. पण त्यातली माणसं आज पन्नाशीला आलीत, आणि घरात कुणी गेलं की तोंडातून शब्द येतात ते तेव्हा पाठ केलेलेच. त्या वेळी पुस्तक शोधायला वेळ नसतो. डोळ्यांत पाणी असलं की अक्षरही दिसत नाही. तेव्हा पाठ असलेलंच उपयोगी पडतं.

आत्याचं हे म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटतं. खेळाची बाजू घेणारे बरेचदा पाठांतराला पोपटपंची म्हणून मोकळे होतात. ते सोपं आहे, आणि अन्यायाचंही. लहानपणी अर्थ न कळता पाठ झालेल्या ओळी माणसाच्या आत राहतात आणि अर्थ त्यांच्यापर्यंत नंतर पोहोचतो, हे ज्याच्या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना झाली त्याला सांगायला नको. तेव्हा भाचीला उत्तर द्यायचं तर पाठांतराला पर्याय म्हणून खेळ पुढे करून भागणार नाही.

भाची : पाठांतर बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. आठवड्याची पाच सुवर्णवचनं तुझ्याच पद्धतीने होणार आहेत. माझं म्हणणं एवढंच की बायबलमध्येच मुलांना शिकवायच्या जागा बघ. तिथे नुसतं ऐकवत नाहीत, काहीतरी करायला लावतात. यहोशवा, चौथा अध्याय. यार्देन ओलांडल्यावर बारा वंशांतल्या बारा माणसांनी नदीच्या पात्रातून एकेक दगड खांद्यावर आणायचा आणि गिलगालला रचायचा. कशासाठी? तर पुढे मुलं विचारतील, हे दगड कसले, आणि मग त्यांना सांगायचं. म्हणजे आधी दगड, मग मुलाचा प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी गोष्ट.

आत्या : निर्गमातही तसंच आहे. वल्हांडणाच्या रात्री मुलं विचारतील, या विधीचा अर्थ काय, तेव्हा सांगायचं.

भाची : बरोबर! आणि बऱ्याच यहूदी घरांमध्ये त्याचा खेळच झालाय. वल्हांडणाच्या रात्रीच्या जेवणात, म्हणजे सेदेरमध्ये, बेखमीर भाकरीचा एक तुकडा बाजूला काढून लपवतात. तो मुलांनी शोधायचा, आणि तो सापडून सगळ्यांनी खाल्ल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. आदल्या रात्री खमीर शोधायचं तेही मेणबत्ती घेऊन, घराचे कोपरे धुंडाळत. हे काही कालपरवा अमेरिकेतून आलेलं खूळ नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांसाठी सेदेरचं पुस्तक, हगादा, मराठी भाषांतरासह पुण्यात छापलं गेलं ते 1874 साली. म्हणजे मराठी बोलणाऱ्या घरांत सेदेर दीडशे वर्षांपूर्वीही होत होता.

आत्या : ते घरचं आहे, पोरी. जेवायला बसलेलं कुटुंब, आजोबा, नातवंडं. तिथे कुणी पहिलं आलं, कुणी शेवटी आलं, असं काही नाही. तुझ्या शोधात पाच गट पळणार म्हणजे शर्यत होणार. आठवीतला दांडगा पोर पुढे, आणि पहिलीतली मुलगी चप्पल हातात घेऊन मागून रडत येणार.

भाची : त्यासाठी नियम केलाय. गटात सगळ्या वयाची मुलं. पाकीट उघडायचं ते गटातल्या सगळ्यात धाकट्याने. तो पोहोचल्याशिवाय पाकिटाला कुणी हात लावायचा नाही. मग दांडग्याने कितीही पळावं, त्याला थांबावंच लागेल, नाहीतर मागे जाऊन धाकटीला हाताला धरून आणावं लागेल. शंभर मेंढरांतल्या एकाची गोष्ट त्या दिवशी मी सांगणार नाही. ती त्यांच्याकडून करून घेणार.

आत्या : हा नियम चांगला आहे.

भाची : नुसता चांगला?

आत्या : फार चांगला आहे. पण मुलं त्यातूनही वाट काढतील. धाकट्याला खांद्यावर घेऊन पळतील.

भाची : पळू देत. मेंढपाळानेही तसंच केलं होतं.

मार्गाबद्दल दोघींचं पुढे बरंच बोलणं होईल, पण काही गोष्टी मी मध्येच सांगून टाकतो, कारण असा खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा अशाच बारीकसारीक गोष्टींत. पाचही गट एकाच क्रमाने सोडले तर एका ठिकाणी गर्दी होते आणि बाकीची ओस पडतात. म्हणून सुरुवात एकत्र झाली तरी ठिकाणं तीच ठेवून पुढचा क्रम प्रत्येक गटाला वेगळा द्यावा, आणि पाकिटांना गटाच्या रंगाची फीत लावावी. चिठ्ठी दगडाखाली, पालापाचोळ्यात किंवा भिंतीच्या फटीत कधीही ठेवू नये. आपल्याकडे मे महिन्यात अशा जागी विंचू असतो, आणि शोधाच्या भरात पोरं हात घालताना बघत नाहीत. चिठ्ठ्या डोळ्यांच्या उंचीला, दोरीने टांगलेल्या असाव्यात. विहिरीवर जाळी असली तरी तिथे एक मोठं माणूस उभं करावं. झाडावर चढायला लावणारी चिठ्ठी नको, मग जक्कयाचा कितीही मोह होवो. वळवाचा पाऊस आदल्या रात्री सगळं धुऊन नेऊ शकतो, म्हणून पाकिटं सकाळीच लावायची. आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याचा माठ हवा.

आत्या : ठिकाणं कुठली कुठली?

भाची : सुरुवात योशीया राजापासून. दुसरे राजे, अध्याय 22. आठव्या वर्षी गादीवर बसलेला राजा. मुलांना हे ऐकूनच गंमत वाटते. तो मोठा झाल्यावर मंदिराची डागडुजी चाललेली असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. तर आपल्या खेळातही पहिला शोध पुस्तकाचाच. प्रत्येक गटाचं बायबल कापडात गुंडाळून चर्चमध्ये कुठेतरी ठेवलेलं असेल. ते सापडल्याशिवाय पुढचं काहीच वाचता येणार नाही. मोबाइल कुणाकडेच नसणार, शिक्षकाकडेही नाही.

आत्या : हुल्दा विसरू नकोस. पुस्तक सापडलं, पण त्याचा अर्थ विचारायला राजाने माणसं पाठवली ती एका बाईकडे. मुलींना ते नाव ठाऊक असायला हवं.

भाची : मग हुल्दाच्या जागी कुणाला तरी बसवते. पुस्तक घेऊन गटाने तिच्याकडे जायचं आणि तिच्याकडून पहिली चिठ्ठी घ्यायची. दुसरं ठिकाण नोहाचं तारू. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. मुलं आपापल्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरी मापणार, गाठी मारणार, आणि पन्नास हात रुंदी चुन्याने आखणार. पुऱ्या माणसाच्या हाताने मोजलं तर रुंदीच जवळजवळ पंचाहत्तर फूट भरते. लांबी साडेचारशे फूट, म्हणजे आपल्या फाटकापासून पार शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे जाईल. चित्रातल्या तारवातून जिराफाची मान बाहेर आलेली असते ना, ते चित्र त्यांच्या डोक्यातून एकदाचं निघू दे.

आत्या : हे मला आवडलं. सहा वर्षांच्या पोराचा हात आणि चौदा वर्षांच्या पोराचा हात सारखा नाही, यावरून भांडतील मात्र.

भाची : भांडून एका हातावर ठरवतील. तेही काम आहेच. तिसरं तुझं आवडतं, कोठीतलं नाणं. चौथं म्हणून मी यरीहो ठेवणार होते. चर्चला सात फेऱ्या, तोंड बंद, आणि सातव्या फेरीला कर्णे आणि जोराची आरोळी. मुलांना इतकं आवडतं!

आत्या : यरीहो नको.

भाची : का? सगळीकडे असतं. एवढा धावपळीचा खेळ दुसऱ्या कुठल्या गोष्टीत आहे?

आत्या : भिंत पडल्यावर पुढे काय झालं ते वाचलंस ना? राहाबेचं घर सोडून शहरातली सगळी माणसं मारली गेली. बायका, म्हातारे, पोरं, गुरं. हा भाग कठीण आहे. मला त्याचं अजूनही नीट उत्तर देता येत नाही, आणि जो चटकन उत्तर देतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मोठ्या मुलांशी त्याबद्दल बसून, वेळ देऊन बोलता येईल. पण सात वर्षांच्या पोराला फेऱ्या मारायला लावायच्या, आरोळी द्यायला लावायची, वर टाळ्या वाजवायच्या, आणि ज्या शहरावर आरोळी दिली त्यातल्या पोरांचं नावही काढायचं नाही, हे मला जमणार नाही. तूच म्हणालीस ना, मुलं जे करतात ते त्यांच्यात राहतं? मग काय राहील याचा विचार कर.

भाची : ...मग त्याऐवजी काय?

आत्या : नहेम्या. पाडायचं नाही, बांधायचं. यरुशलेमेचा कोट पडून गेला होता, वेशी जळाल्या होत्या, आणि लोकांनी तो बावन्न दिवसांत उभा केला. तिसरा अध्याय वाच. लोकांना तो कंटाळवाणा वाटतो, नुसती नावांची यादी म्हणून सोडून देतात. पण कोण कोण बांधतंय बघ : सोनार, अत्तर बनवणारे, व्यापारी, याजक. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. शल्लूमच्या मुलींनी बापाबरोबर काम केलं, हे बाराव्या वचनात स्पष्ट लिहिलंय. आणि तकोवाच्या प्रतिष्ठितांनी कामाला खांदा लावला नाही, हेही.

भाची : म्हणजे प्रत्येक गटाने भिंतीचा एक भाग रचायचा?

आत्या : हो. पुठ्ठ्याची रिकामी खोकी दुकानांतून मिळतील. आलेल्या प्रत्येक गटाने आधीच्या गटाच्या भिंतीला आपला भाग जोडायचा. पाचवा गट येईल तेव्हा कोट पुरा. म्हणजे सगळ्यांचं मिळून एकच काम झालं, आणि कुणी पहिला नाही की शेवटचा नाही.

इथे मी आत्याच्या बाजूचा आहे, आणि ठामपणे. व्हीबीएसच्या पुस्तकांमध्ये यरीहोच्या फेऱ्या फार सहज येतात, कारण त्या मुलांना आवडतात आणि शिक्षकाला सोप्या पडतात. अंगाने केलेली गोष्ट खोल जाते म्हणून तर हा खेळ घ्यायचा. मग कुठली गोष्ट अंगाने करायला लावायची, याची निवड गोष्ट सांगतानाच्या निवडीपेक्षा जास्त काटेकोर हवी. राहाबेच्या खिडकीतला किरमिजी दोर सांगावा, जरूर सांगावा. आरोळी मात्र मुलांच्या तोंडून नको.

आत्या : आणि एक मुलगा आहे आपल्याकडे, चाकाच्या खुर्चीवर येतो. त्याचा विचार केलास?

भाची : केलाय. मार्क, दुसरा अध्याय घ्यावा असं वाटलं. चौघांनी खाटेवरून आणलेला पक्षघाती माणूस, छत उघडून खाली सोडलेला. चार जणांनी मिळून...

आत्या : आणि खाटेवर कोण?

भाची : तेच तर. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच येणार, म्हणून ती गोष्ट मी काढून टाकली. गोष्ट चांगली आहे, पण त्या मुलाला त्या दिवशी पक्षघाती माणूस म्हणून खाटेवर झोपवायचं नाही. तो इतरांसारखाच शोधायला आलाय. नकाशा आणि होकायंत्र त्याच्याकडे. पाचही ठिकाणं अशी निवडलीत की खुर्ची सरळ जाईल, फक्त कोठीच्या पायरीला फळी टाकायची आहे. आणि तो वाचतो फार छान, त्यामुळे त्याच्या गटात वाचन त्याचं.

आत्या : फळी मीच बघते. मागच्या वर्षीची डगमगत होती.

भाची : पाचवं ठिकाण बारा दगडांचं. फाटकाशी दगडांचा ढीग असेल, आणि प्रत्येकाने एकेक दगड खांद्यावर घेऊन घंटेखाली यायचं आणि तो रचायचा. लहानांना लहान, मोठ्यांना मोठे. आणि तिथे मंडळीतलं एक वयस्कर माणूस बसलेलं असेल. चिठ्ठीत फक्त एवढंच : यहोशवा 4 वाचा आणि त्यात मुलं जे विचारतात ते यांना विचारा.

आत्या : आणि त्या माणसाने काय सांगायचं? यार्देनेची गोष्ट?

भाची : ती तर मुलांनी आत्ताच वाचलेली असेल. त्यांनी आपल्या दगडांची सांगायची, म्हणजे ही मंडळी इथे कशी उभी राहिली ते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं केलं. सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा, जी पाहायला जोतीराव फुले आले होते. 1842 साली निघालेलं ‘ज्ञानोदय’. कृष्णराव सांगळ्यांनी हातात टाळ-चिपळ्या घेऊन उभं केलेलं ख्रिस्ती कीर्तन. कवी ना. वा. टिळकांची आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट. आणि मग आपल्याच गावातलं : कुणाच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, कुणी दुष्काळात पोरकी पोरं सांभाळली, ही घंटा कुणी आणली.

आत्या : यातलं निम्मं मंडळीतल्या मोठ्यांनाही ठाऊक नाही.

भाची : म्हणूनच मुलांनी विचारायचं. मुलांनी विचारलं की मोठ्यांना शोधावं लागतं. आणि कीर्तनावरून सुचलं म्हणून विचारते, तू नेहमी म्हणतेस, पूर्वी लोक शांत बसून ऐकायचे. कीर्तनात कुठे शांत बसत होते? टाळ, टाळ्या, धृपद सगळ्यांनी म्हणायचं, मध्येच डुलायचं. ते अंगानेच ऐकणं होतं.

आत्या : होतं. पण कीर्तनाच्या शेवटी बुवा थांबायचे आणि सगळे गप्प व्हायचे. तुझ्या दोन तासांत गप्प व्हायची जागा कुठे आहे? एकही नाही. मला ती हवी. दगड रचून झाले, प्रश्न विचारून झाला, की तिथे बसायचं, आणि आठवड्यात पाठ केलेल्या वचनांतलं एक सगळ्यांनी मिळून म्हणायचं. पुस्तक न बघता. मग उठायचं.

भाची : ठेवते. दगडांपाशीच ठेवते.

आत्या : आता सांग. खजिना काय?

भाची : मत्तय 13. शेतातला खजिना. माणसाला तो सापडतो, तो पुन्हा लपवतो, आनंदाने जाऊन आपलं सगळं विकतो आणि ते शेत विकत घेतो. मला या गोष्टीतलं विकणं आपल्या खेळात आणायचं होतं, कारण ट्रेझर हंटमध्ये नेमकं उलट होतं. पोरं वाटेत मिळवत जातात आणि शेवटी आणखी मिळतं. म्हणून असं केलंय. प्रत्येक ठिकाणी काम नीट झालं की गटाला काही मणी मिळतील. रंगीत काचेचे, चांगले, मुलांना ठेवावेसे वाटतील असे. शेवटी सगळे गट घंटेखाली आले की पेटीवर चिठ्ठी असेल : सगळे मणी या वाडग्यात टाकल्यावर किल्ली मिळेल. सगळे म्हणजे सगळे, सगळ्या गटांचे. एक मणी जरी खिशात राहिला तरी किल्ली नाही.

आत्या : आणि कुणी दिला नाही तर?

भाची : तर थांबायचं. कुणाचे खिसे तपासायचे नाहीत. तो देईल तेव्हा उघडायचं.

आत्या : देईल. उन्हात उभं राहिल्यावर देईल. बरं, उघडल्यावर आत?

भाची : खाऊ. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की, सगळ्यांना पुरेल आणि वर उरेल एवढा. योहानाच्या सहाव्या अध्यायात एका मुलाने दिलेल्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या लोकांना वाटल्या, आणि तुकड्यांच्या बारा टोपल्या उरल्या. आपल्या पेटीत बारा पुड्या जास्तीच्या असतील. त्या मुलांनी कंपाउंडाबाहेरच्या घरांत स्वतः नेऊन द्यायच्या.

आत्या : थांब. इथे मला वेगळंच बोलायचंय. आपल्या व्हीबीएसला वस्तीतली हिंदू आणि मुसलमान मुलंही येतात. त्यांच्या आईबापांना आपण काय शिकवतो ते माहीत असतं का? चिठ्ठी पाठवायला हवी, स्वच्छ भाषेत : बायबलमधल्या गोष्टी शिकवल्या जातात, खेळ असा असतो, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि खाऊसाठी पोरं गोळा केली असं कुणाला म्हणायची वेळ येता कामा नये. बक्षिसाचं आमिष दाखवून कुठलंच मूल बोलवायचं नाही. आजच्या दिवसांत लोक काय म्हणतील म्हणून मी हे सांगत नाहीये. कुणी बघत नसतं तरी मी हेच म्हटलं असतं.

भाची : हे माझ्या यादीत नव्हतं.

आत्या : लिहून घे. आणि पुड्या नेऊन देताना मुलांनी फक्त पुडी द्यायची. पत्रक नाही, वचनाचं कार्ड नाही. शेजाऱ्याला खाऊ दिला, संपलं.

भाची : लिहिलं. म्हणजे आता सगळं पटलं ना तुला?

आत्या : सगळं नाही. पहिला क्रमांक काढणार नाहीस म्हणतेस, ते मला पटत नाही.

भाची : आत्या! आत्ता तूच म्हणालीस, पहिलीतली मुलगी रडत येते.

आत्या : शर्यतीत रडते. पाठांतराच्या स्पर्धेत मी दरवर्षी पहिला, दुसरा, तिसरा काढला, प्रमाणपत्रं दिली, आणि त्या प्रमाणपत्रासाठीच कित्येकांनी एकशे एकोणिसावं स्तोत्र पाठ केलं. एकशे शहात्तर वचनं. बक्षीस नसतं तर केलं असतं?

भाची : मग ज्यांना पंचवीसच जमली, त्यांचं काय झालं?

आत्या : त्यांनी पंचवीस पाठ केली. तेवढी त्यांची झाली.

भाची : आणि स्वतःला हरलेले समजले.

आत्या : काही समजले असतील. सगळं गुळगुळीत करून मूल वाढत नाही, पोरी. हरणंही शिकावं लागतं.

भाची : शिकेल की. शाळेत शिकतंच आहे, रोज. मला दोन तास असे हवेत जिथे शेवटचं मूल आल्याशिवाय कुणाचंच काही उघडत नाही. वर्षातले दोन तास.

आत्या : बघू. तुझे दोन तास तू तुझ्या पद्धतीने कर. ऑगस्टमधली पाठांतराची स्पर्धा मी माझ्या पद्धतीने घेणार.

भाची : कबूल. पण त्या दिवशी तू येणार ना? दगडांपाशी कुणीतरी बसायला हवंय.

आत्या : बसेन. पण मुलांनी विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही, तुझ्या चिठ्ठीत तसंच आहे ना? आणि चिठ्ठ्या सगळ्या मला आदल्या दिवशी दाखव. मी पुस्तक न उघडता त्या सोडवायला बसते. ज्या सुटतील त्या बदलायच्या.